हॅलोविनच्या रात्री उघड्यावर हॉरर पिक्चर बघायला जाताय? तिकिटापासून घरी परत येईपर्यंत सगळं

थिएटरमध्ये हॉरर बघणं वेगळं आणि उघड्या मैदानात, मागं झाडं, वर आभाळ, समोर भलामोठा पडदा असं बसून बघणं एकदम वेगळं. थिएटरात चार भिंती असतात, मागं कोण बसलंय ते माहीत असतं. बाहेर मात्र पिक्चरमधला वारा आणि खरा वारा एकमेकांत मिसळतात, मागं पाचोळा वाजला की मान आपोआप वळते, आणि त्यासाठीच तर आपण जातो ना. मी अशा बऱ्याच रात्री बघितल्यात आणि एक गोष्ट मला पक्की कळलीय, लोक मधेच उठून जातात ते भुताला घाबरून नाही, थंडीनं, ओल्या गवतानं, बाथरूम कुठंय ते न सापडल्यानं, नाहीतर परत जायला गाडी मिळेल का या काळजीनं. म्हणून हे सगळं एकाच हिशोबानं लिहितेय, की भीती पडद्यावरून येऊ दे, बाकी कुठूनही नको.

तिकीट काढायच्या आधी

"फक्त प्रौढांसाठी" असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. कधी पिक्चरच तसा असतो, कधी आत बार असतो, कधी गर्दीत फिरून घाबरवणारे कलाकार असतात, आणि कधी तिन्ही. वयाची अटही यावरच ठरते. पिक्चरच्या सर्टिफिकेटचं बघाल तर ब्रिटनमध्ये १८ सर्टिफिकेट म्हणजे १८ च्या खालच्याला प्रवेशच नाही, अमेरिकेत आर रेटिंग असेल तर १७ च्या खालचा मुलगा मोठ्या माणसाबरोबर येऊ शकतो पण एनसी-१७ ला १७ वर्षांचासुद्धा चालत नाही. दारूचा नियम परत वेगळा, अमेरिकेत २१, ब्रिटनमध्ये १८. त्यामुळे तुमच्या ग्रुपमध्ये कोणी १९-२० चं असेल तर आत बार आहे का आणि गेटवर नेमकं कुठलं वय बघणार ते आधीच विचारून घ्या, नाहीतर सगळे आत आणि एकजण गेटबाहेर अशी वेळ येते आणि मग सगळ्यांचीच संध्याकाळ खराब होते.

फोटो असलेलं ओळखपत्र ओरिजिनल न्या, फोनमधला त्याचा फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आणि हे मेकअपवाल्यांसाठी खास: गेटवरचा माणूस ओळखपत्रातला चेहरा तुमच्या चेहऱ्याशी जुळवणार आहे, तेव्हा मास्क पटकन काढता येईल असाच घाला आणि चेहरा पूर्ण झाकणारा जाड मेकअप असेल तर तो आत गेल्यावरच पूर्ण करा.

पिक्चर कोणता आहे ते बघा. नुसतं "हॉरर" एवढ्यावर जाऊ नका. भुताटकीचा पिक्चर मजेत बघणारा माणूस अंग फाटण्या-कापण्याचं दिसलं की पाच मिनिटंसुद्धा बसू शकत नाही, आणि रक्ताचं काहीच न वाटणाऱ्याला घरात घुसणाऱ्या चोराची गोष्ट महिनाभर झोपू देत नाही. सुया, प्राण्यांचे हाल, लैंगिक हिंसा, लहान मुलांना काही होणं, यातलं काय तुम्हाला अजिबात नको ते स्वतःशी ठरवा आणि पिक्चरमध्ये ते आहे का ते आधी वाचून घ्या, त्यानं गोष्ट फुटते असं मला तरी वाटत नाही, उलट एकदा ते कळलं की बाकीच्या पिक्चरला तुम्ही मोकळेपणानं घाबरू शकता. हातात धरलेल्या कॅमेऱ्यानं शूट केल्यासारखा हलणारा पिक्चर असेल आणि तुम्हाला गाडी लागत असेल तर मोठ्या पडद्यावर मळमळायला होऊ शकतं, अशा पिक्चरला मागं बसायचं.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. झपझप लुकलुकणाऱ्या प्रकाशानं काहींना फिट येते, आणि हॉररमध्ये विजा, बिघडलेल्या ट्यूबलाइट, स्ट्रोब (झपझप उघडझाप करणारे दिवे) असले सीन भरपूर असतात, शिवाय कार्यक्रमवाले वेगळे स्ट्रोब लाइट लावतात ते वेगळंच. तुम्हाला किंवा बरोबरच्या कोणाला असा त्रास असेल तर आयोजकांना आधी मेसेज करून स्पष्ट विचारा. आणि तिथं अचानक असा सीन आलाच तर नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण प्रकाश पापणीतूनही आत जातो, एका डोळ्यावर तळहात पूर्ण दाबून धरायचा आणि तोंड पडद्यापासून फिरवायचं.

पावसाचं काय करणार तेही तिकिटाखालच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पाऊस आला तरी शो होणार का, रद्द झाला तर पैसे परत की दुसरी तारीख. वाऱ्याचं मात्र कोणी विचारत नाही. हवा भरून उभा केलेला पडदा म्हणजे एक प्रचंड शीडच असतं, वारा जोराचा झाला की त्यांना तो खाली घ्यावाच लागतो. तेव्हा हवामान बघताना पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही बघा.

वेळ कशी धरायची

पूर्ण अंधार पडल्याशिवाय प्रोजेक्टरचं चित्र नीट दिसत नाही, त्यामुळे पिक्चर सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासानं किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. त्या दिवशीचा तिथला सूर्यास्त बघा, त्यात अर्धा तास मिळवा, म्हणजे खरी वेळ साधारण कळते. गेट त्याच्या बरंच आधी उघडतं आणि चांगल्या जागा तेव्हाच जातात.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, आणि याच दिवसांत कित्येक देशांत घड्याळं बदलतात हे लोक विसरतात. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं जातं, म्हणजे हॅलोविनच्या संध्याकाळी ते आधीच बदललेलं असतं आणि अंधार अचानक लवकर पडायला लागलेला असतो. अमेरिकेत हाच बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री २ वाजता होतो. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी येतोय, म्हणजे अमेरिकेत पिक्चर बघून परत यायच्या त्याच रात्री १ ते २ चा तास दोनदा येणार. शेवटची बस किंवा ट्रेन धरणार असाल तर हे आधी नीट तपासा. आणि दक्षिण गोलार्धात असाल तर तिकडे वसंत ऋतू असतो, दिवस मोठे होत चाललेले असतात, तेव्हा पिक्चरही उशिरा सुरू होणार आणि उशिरा संपणार.

दोन पिक्चर लागोपाठ असतील आणि एकालाच थांबायचं असेल तर मी दुसरा निवडेन. उघड्यावर सगळ्यात आधी मार खातात ते काळोखातले सीन, आकाशात थोडा जरी उजेड असला तरी पडद्यावरचं काळं राखाडी दिसतं, आणि हॉररचं अर्धं काम तर त्या काळ्यातच असतं.

थंडी, आणि ती नेमकी कुठून येते

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. संध्याकाळी गेटवर उभं असताना बरं वाटतं म्हणून लोक जॅकेट गाडीत ठेवून येतात. पण चालणं वेगळं आणि दोन-अडीच तास न हलता बसणं वेगळं, बसलेलं शरीर उष्णता फार कमी तयार करतं. शिवाय आभाळ निरभ्र असेल (आणि आपल्याला तर निरभ्रच हवं असतं) तर जमीन भराभर गार होते आणि दव पडतं. नऊ वाजेपर्यंत गवत ओलं, दहापर्यंत ब्लँकेट ओलं.

मुख्य थंडी वरून नाही, खालून येते. तुमच्या अंगाखाली जमीन असते आणि ती सतत उष्णता ओढत राहते, वरून तीन ब्लँकेटं घेतली तरी खाली एक पातळ चादर असेल तर काही उपयोग नाही. म्हणून आधी सगळ्यात खाली प्लास्टिकचा किंवा वॉटरप्रूफ कापडाचा थर, त्यावर फोमची चटई (योगाची चालते, कॅम्पिंगची असेल तर उत्तम), आणि मग ब्लँकेट. एवढं केलं की निम्मं काम झालं. खुर्चीत बसणार असाल तर पाठीखाली आणि मांडीखाली काहीतरी जाड घाला, कारण कापडी खुर्चीच्या खालून वारा लागतो.

कपडे थरांमध्ये. अंगाला लागून असलेला थर सुती नको, सुती कापड घाम आणि दव धरून ठेवतं आणि मग गार पडतं, लोकर किंवा सिंथेटिक बरं. टोपी, दोन मोजे, आणि हातमोजे असे की बोटं पटकन बाहेर काढता येतील. थर्मासमध्ये गरम काहीतरी न्या, बाहेरचं खाणंपिणं चालतं का ते बघून. दारूनं ऊब येते असं वाटतं पण ते फसवं आहे, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात म्हणून गरम वाटतं आणि त्याच वेळी शरीरातली उष्णता बाहेर जात असते. प्यायचीच असेल तर आधी नीट खाऊन, आणि जॅकेट घालूनच.

वेश करून जायचं असेल तर

जा, नक्की जा, वेश केलेली गर्दी हा या रात्रीचा अर्धा आनंद आहे. पण वेश असा करा की तो थर्मलच्या वर बसेल, म्हणजे एक साइज मोठा. जमिनीवर लोळणारा झगा अंधारात तंबूच्या दोऱ्यांमध्ये अडकतो. शेकोट्या किंवा मेणबत्त्या असतील तर लांब झगे, विग, झिरमिळ्या आगीपासून चांगल्या लांब ठेवा, हे स्वस्त सिंथेटिक कापड भसकन पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं. मास्कमधून बाजूचं काही दिसत नाही, चालताना तो डोक्यावर सरकवा. खरी वाटणारी हत्यारं नेऊ नका, गेटवरच काढून घेतात, आणि अंधारात खरं-खोटं कळत नाही ते वेगळंच. उंच शिंगं किंवा मोठी टोपी पिक्चर सुरू झाला की काढून ठेवा, मागच्यानंही तिकीट काढलंय.

रंगीत लेन्सबद्दल कळकळीनं सांगते, डोळे तपासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतल्याशिवाय घालू नका. अमेरिकेत बिननंबरच्या फॅन्सी लेन्सलाही वैद्यकीय उपकरण मानतात आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी आहे, ती उगाच नाही, चुकीच्या मापाच्या लेन्सनं बुबुळाला ओरखडे पडतात, इन्फेक्शन होतं आणि नजर कायमची जाऊ शकते. मेकअपही एक-दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघा.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

सामान टाकायच्या आधी एक चक्कर मारा. बाहेर जायचे रस्ते कुठले, बाथरूम कुठं, प्रथमोपचाराचा तंबू कुठं, आणि ग्रुपमधले चुकामूक झाली तर भेटणार कुठं. सगळं उजेड असताना बघून ठेवा, कारण अंधारात ते मैदान पूर्ण वेगळं दिसतं आणि फोनचं नेटवर्क गर्दीत दगा देतं.

जागा निवडताना पडद्याच्या रुंदीच्या साधारण दोन पट अंतरावर, मध्याच्या जवळ बसा. अगदी पुढं मान मोडते, फार बाजूला चित्र तिरकं आणि फिकं दिसतं. हवेच्या पडद्याचा पंखा पूर्णवेळ घरघरत असतो आणि जनरेटरही, मी एकदा अंधारात जनरेटरच्या शेजारची जागा धरली होती आणि पिक्चरमधल्या शांततेचा एकही क्षण मला मिळाला नाही, सगळे श्वास रोखून बसलेले आणि माझ्या कानात नुसती घरघर, तेव्हापासून बसण्याआधी दोन मिनिटं नुसती उभी राहून ऐकते. पडद्याला बांधलेल्या दोऱ्या, प्रोजेक्टरचा झोत जिथून जातो ती वाट आणि बारकडे जायचा रस्ता, या तिन्हींपासून लांब बसा. उंच खुर्ची असेल तर मागं, चटई किंवा बुटकी खुर्ची पुढं. आणि ज्याला जास्त भीती वाटते किंवा सारखं बाथरूमला जावं लागतं त्याला कडेला बसवा, मध्ये कोंडू नका.

टॉर्च न्या, लाल प्रकाशाचा असेल तर फारच छान. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनच्या पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा बघितलं की ती मोडते, तुमचीच नाही, शेजारच्यांचीही. फोन सायलेंटवर, ब्राइटनेस तळाला, आणि वारंवार बघणार असाल तर शेवटच्या ओळीत. पडद्याचं शूटिंग तर अजिबात नको.

पिक्चर चालू झाल्यावर

अचानक मोठ्ठा आवाज आला की आपण दचकतो ते डोक्यात काही विचार यायच्या आधीच, पापणी मिटते, मान खांद्यात जाते, हे शरीर आपोआप करतं, धीटपणाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून दचकणाऱ्याला हसू नका. आणि तुम्हाला एखादा सीन झेपत नसेल तर डोळ्यांपेक्षा कान झाका, हॉररमधली बरीचशी भीती आवाजात असते, कानावर हात ठेवून तोच सीन बघितला की कळेल. हेडफोन देणारे कार्यक्रम असतात तिथं आवाज स्वतःला कमी-जास्त करता येतो, ही सोय मला फार आवडते, फक्त तिथं मागून कोणी आलं तर ऐकू येत नाही एवढं लक्षात ठेवा.

गर्दीत फिरणारे कलाकार असतील तर ते हात लावतात का ते तिकीट काढतानाच विचारा. तुम्हाला ते नको असेल तर शांतपणे "नको" म्हणा, हात आडवा करा, चांगले कलाकार लगेच पुढं जातात, आणि काही ठिकाणी नको असणाऱ्यांना मनगटावर बांधायला वेगळा पट्टा देतात तो मागून घ्या. त्यांना ढकलू नका, मारू नका, मास्क ओढू नका, ती माणसं काम करतायत. आणि उलट बाजूनंही, वेश घातलाय म्हणून अनोळखी माणसाला मागून धरून घाबरवायचा हक्क कोणालाच मिळत नाही. कोणी त्रास देत असेल तर ते नाटक आहे की काय म्हणून गप्प बसू नका, सरळ स्टाफकडे जा. ग्लास हातातून सोडू नका, बाथरूमला जाताना ओळखीच्याच्या हातात द्या नाहीतर टाकून द्या.

आता माझ्या जवळची एक गोष्ट. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला मध्यंतराच्या आधीच जायचं होतं, आम्ही सगळ्यांनी "अगं बस गं, काही होत नाही" करून तिला बसवलं. ती शेवटपर्यंत बसली, पण नंतर कितीतरी दिवस तिला एकटीला झोपता येत नव्हतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून आम्ही जायच्या आधीच एक शब्द ठरवतो. कोणीही तो म्हटला की एकजण त्याच्याबरोबर उठतो, का-कसं विचारत नाही, दोघं उजेडात जाऊन बसतात, बरं वाटलं तर परत येतात नाहीतर नाही. कोणाला छातीत धडधड, श्वास लागणं असं झालं तर पडद्याकडे पाठ करून बसवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायला सांगा, हाताला गार पाण्याची बाटली द्या, आजूबाजूच्या साध्या वस्तूंची नावं घ्यायला लावा. तरी कमी झालं नाही किंवा छातीत दुखतंय म्हणाले तर सरळ प्रथमोपचाराकडे.

गाडीत बसून बघायचं असेल तर

ड्राइव्ह-इनची कल्पना जुनी आहे, रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी ६ जून १९३३ ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडेनला पहिलं सुरू केलं आणि मागच्या गाडीलाही दिसावं म्हणून जमिनीला उतार दिला. आता आवाज बहुतेक ठिकाणी एफएमवर येतो. दोन-तीन तास गाडीचा रेडिओ चालू ठेवला तर जुनी बॅटरी उतरू शकते, बॅटरीवरचा छोटा रेडिओ न्या. इंजिन चालू ठेवून हीटर लावू नका, दारं बंद करून बसलं की धुराचा धोका असतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हेडलाइट आपोआप लागू नयेत म्हणून ते कसे बंद करायचे हे घरीच शिकून या, कारण तिथं नेमक्या सगळ्यात शांत सीनला अख्खा पडदा उजळतो. आणि चालवणाऱ्यानं प्यायची नाही, यात काही मधलं नाही.

संपल्यावर

नावं सुरू झाली की सगळे एकदम उठतात आणि अंधारात, दोऱ्या-खड्ड्यांतून, एकाच गेटवर जातात. दहा मिनिटं बसून राहा. चटईखाली टॉर्च मारून किल्ली, पाकीट, मास्क सगळं आहे ना बघा. परतीची गाडी आधीच ठरवलेली असू दे, आणि एकट्यानं लांबच्या पार्किंगपर्यंत जायचं असेल तर सोबत घ्या. पिक्चर बघून आल्यावर प्रत्येक सावली मोठी दिसते, ते चालेल, पण रस्त्यावर लक्ष पाहिजे.

घरी आल्यावर लगेच आडवं होऊ नका, अंगात अजून ती तरतरी असते, झोप लागत नाही. दिवे लावा, काहीतरी गरम प्या, साधं हलकं काहीतरी बघा किंवा ज्यांच्याबरोबर गेला होतात त्यांच्याशी पिक्चर कसा बनवला असेल यावर बोला, तो मेकअप, तो आवाज कसा काढला असेल, की भीती बरीच उतरते. लेन्स सगळ्यात आधी, स्वच्छ हातांनी काढा, मग चेहऱ्यावरचा रंग तेलानं किंवा क्लेंझरनं हळूहळू, घासून नाही. आणि ती ओली चटई, ब्लँकेटं गुंडाळून तशीच गाडीच्या डिकीत ठेवू नका, रात्रीच पसरून टाका, सकाळपर्यंत कुबट वास धरतात.